पिकअपला रंग द्यावा की व्हिनाइल चढवावे?
(शाखेच्या मासिक अभ्यासवर्गात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय फळ्यावर वाचून काही जणांना हसू आले, ते मी पाहिले. रिक्त जागा, पेन्शन, कंत्राटी पद्धत हे विषय बाजूला ठेवून युनियनच्या व्यासपीठावर गाडीच्या रंगाची चर्चा कशाला, असे कुणालाही वाटेल. परंतु आपल्या ग्राहक सोसायटीची पिकअप गेली अकरा वर्षे धान्याची पोती आणि तेलाचे डबे वाहते आहे, आणि येत्या सर्वसाधारण सभेत तिच्यावर खर्च करण्याचा ठराव येणार आहे. कमिटीत दोन तट पडले आहेत. तरुण सभासद म्हणतात, वरून व्हिनाइल चढवा, दोन-तीन दिवसांत गाडी नवी दिसेल. जुने सभासद म्हणतात, पत्रा घासून रंगच द्या. पैसा तुमच्या वर्गणीचा आहे आणि काम करणारा हात कुणा तरी कामगाराचा आहे. त्यामुळे हा विषय आपला आहे. तुम्ही भुसावळला असा, इटारसीला असा की सिकंदराबादला, सोसायटीची किंवा स्वतःची मालगाडी असेल तर हा प्रश्न एक दिवस तुमच्याही दारात येईल.

मी दहावी पास माणूस आहे. रसायनशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. पण डब्यावरचे लेबल वाचता येते आणि पेंट शॉपमधील सहकाऱ्यांबरोबर आयुष्य गेले आहे. तेवढ्या भांडवलावर चार गोष्टी सांगतो.

प्रथम दोन्ही वस्तू काय आहेत ते पाहू. आजकाल गाडीला जो चांगला रंग देतात तो बहुधा दोन भागांचा असतो, एक रंग आणि दुसरा हार्डनर. दोन्ही मिसळले की त्यांची आपसात प्रक्रिया होऊन कडक पापुद्रा तयार होतो. यालाच आपण पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग म्हणतो. पत्र्यावर आधी प्रायमर, जिथे खड्डा असेल तिथे लांबी, मग रंग आणि काही वेळा वरून क्लिअर कोट, असे थर चढतात. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर या सर्व थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसीचा पातळ पडदा, मागे चिकट थर. दीड मीटर रुंदीच्या रोलमध्ये तो मिळतो. त्यात दोन जाती आहेत. एक कास्ट, सुमारे ५० मायक्रॉनची. ती मऊ असते, वळणावर नीट बसते आणि आकसत नाही. दुसरी कॅलेंडर्ड, ७५ ते १०० मायक्रॉनची. ती लाटून पातळ केलेली असते. पोळी लाटून ठेवली की कडा आत ओढल्या जातात, तसेच या फिल्मचे होते. ती पुन्हा आकसू पाहते आणि वळणावर, कडेला सुटते. ती स्वस्त असते. सपाट दारावर अक्षरे चिकटवायला तिची हरकत नाही, पण सबंध गाडी मढवायला ती कामाची नाही. कोटेशनमध्ये नुसते ‘व्हिनाइल रॅपिंग’ असे लिहिलेले असेल तर कोणती जात हे लेखी मागा. स्वस्त कोटेशनचे रहस्य पुष्कळदा एवढ्या एकाच शब्दात असते.

आता मुख्य मुद्दा. फिल्म ज्याच्यावर चिकटते ते पत्र्याचे वरचे रंगाचे कातडे असते. ते कातडे पक्के असेल तर फिल्म पक्की. रंगाचे पोपडे निघत असतील तर फिल्म त्या पोपड्यांना धरून बसेल आणि त्यांच्यासकट सुटेल. खाली गंज असेल तर फिल्मखाली तो थांबत नाही, झाकलेला असल्यामुळे दिसत मात्र नाही. खड्डा, पोचा, जुन्या लांबीची भेग हे सारे ५० मायक्रॉनच्या पडद्यातून जसेच्या तसे वर उमटते. म्हणजे गाडीचा पत्रा खराब असेल तर डेंटिंग, घासकाम, प्रायमर आणि रंग हे आधी करावेच लागते. नवा रंग पूर्ण वाळून त्यातला थिनर उडून जाईपर्यंत काही आठवडे थांबावे लागते, आणि मग वरून फिल्म. एका कामाचे दोनदा पैसे झाले. तेवढे केल्यावर वरचा पडदा कशाला हवा, हा साधा हिशेब आहे.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी पत्रा तपासा. त्याला इंजिनिअर लागत नाही. एक लोहचुंबक घ्या आणि पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे ओढ कमी लागते तिथे खाली लांबीचा जाड थर आहे. चांगली चिकटपट्टी रंगावर दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर व्हिनाइलचा विचार तिथेच सोडा. मडगार्डच्या आतली कड, दाराची खालची पाळी, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि हौद्याचे कोपरे या चार जागी बोट फिरवा. गंज तिथून सुरू होतो. आपल्या गाडीवर हे सर्व कमिटीच्या सभासदांसमोर करून पाहिले आहे. केबिनचा रंग फिका पडला आहे, पण पक्का आहे. हौद्याच्या खालच्या पट्टीला आणि दोन्ही दारांच्या पाळीला गंज आहे. मागच्या फाळक्याचा रंग पट्टीबरोबर निघून आला.

पिकअप ही मोटार नव्हे. मोटारीचा पत्रा गुळगुळीत असतो. पिकअपच्या हौद्याला नाळ्या, घड्या, रिव्हेट, कड्या आणि साखळ्या असतात. खोल नाळीत फिल्म ताणून बसवली तरी काही महिन्यांत ती वर उचलते आणि त्यात पाणी व धूळ शिरते. हौद्याच्या आत तर फिल्मचे नावच काढू नका. पोती ओढली, पिंप सरकवले की ती फाटणार. आतून रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर ब्रशने सिंथेटिक एनॅमल हेच आपल्या खिशाला परवडते. ओरखडा पडला तर आपला ड्रायव्हरसुद्धा रविवारी ब्रश मारू शकतो.

दुसरी गोष्ट ऊन. खानदेश-विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा टप त्याहून कितीतरी जास्त तापतो. फिल्म आधी मरते ती आडव्या भागावर, म्हणजे टप आणि बॉनेटवर. चांगली कास्ट फिल्म उभ्या बाजूंवर पाच-सात वर्षे टिकते असे मानतात, पण आडव्या भागाचे आयुष्य त्याहून कमी असते. मुदतीत असताना ती गरम हवा देऊन सोलता येते. मुदत उलटून गेली की ती ठिसूळ होते, टिकल्या-टिकल्यांनी निघते आणि तिचा गोंद काढण्यातच दिवस जातात. व्यवस्थित केलेला दोन भागांचा रंग आठ-दहा वर्षे काढतो, आणि फिका पडला तर पॉलिश करून आणखी चालवता येतो.

व्हिनाइल वाईटच, असा याचा अर्थ काढू नका. जिथे गाडीचा मूळ रंग शाबूत आहे, जिथे दोन-तीन वर्षांनी गाडी विकायची आहे आणि मूळ रंग जपायचा आहे, जिथे ठरावीक मुदतीसाठी नाव किंवा जाहिरात लावायची आहे, तिथे फिल्म उत्तम. गाडी दोन-चार दिवसांत रस्त्यावर येते. रंगकामाला आठवडा-दहा दिवस जातात आणि तेवढे दिवस सोसायटीला भाड्याचा टेम्पो लावावा लागतो. ते भाडे रंगाच्या खर्चात धरायला विसरू नका. रेल्वेतही हेच दिसते. मुंबईच्या लोकल डब्यांवर बाहेरून जाहिराती चिकटवतात त्या याच फिल्मच्या. जाहिरातीचा करार संपला की सोलून काढायच्या. पण डबा मुदतीनंतर पीओएचसाठी कारखान्यात आला की गंज खरवडून प्रायमर आणि रंगच देतात, कारण डब्याचा पत्रा वाचवायचा असतो. जाहिरातीला फिल्म आणि पत्र्याला रंग, हा भेद ध्यानात ठेवा.

आता हिशेब. एकूण रक्कम पाहू नका, वर्षामागे रक्कम पाहा. समजा एका कामाचे ४० हजार मागितले आणि ते चार वर्षे टिकणार, तर वर्षाला १० हजार पडले. दुसऱ्या कामाचे ६० हजार आणि ते आठ वर्षे टिकणार, तर वर्षाला साडेसात हजार. महाग दिसणारे स्वस्त निघाले. पण याला दुसरी बाजू आहे. गाडी आणखी तीनच वर्षे ठेवायची असेल तर आठ वर्षांच्या रंगाचे पैसे गाडीबरोबर दुसऱ्याच्या दारात जातील. तेव्हा सभेने आधी ठरवावे की गाडी किती वर्षे ठेवायची. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. इंजिन आणि चासी पाहून मेकॅनिकने अंदाज दिला आहे की आणखी पाच-सहा वर्षे ती सहज चालेल. तो अंदाज धरूनच मी पुढे बोलतो.

कायद्याची बाजूही सांगतो. गाडीचा रंग आरसी पुस्तकात नोंदलेला असतो. पांढरी गाडी निळी करायची असेल, रंगाने असो की फिल्मने, तर आधी आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. फिल्म काढता येते म्हणून ती मोजली जात नाही, असे दुकानदार सांगतो. तपासणी नाक्यावर तो आपल्याबरोबर उभा नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग खासगी गाडीला देता येत नाही. नंबर प्लेट आणि परावर्तक पट्ट्या यांच्यावर काहीही चढवू नका. काचेला पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आत यावा लागतो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मूळ रंगच ठेवणे. आरटीओची फेरी वाचते आणि पुढे ओरखडा पडला तर जोड रंग मिळतो.

इथपर्यंत गाडीचे झाले. आता माणसाचे बोलतो, कारण माझ्या मते खरा निर्णय इथे आहे.

आपल्याकडे आलेल्या कोटेशनपैकी सर्वांत कमी रकमेचे कोटेशन रस्त्याकडेच्या शेडचे आहे. कमिटीतील काहींनी ते घ्यावे असा आग्रह धरला आहे. मी ती शेड पाहून आलो. तिन्ही बाजूंनी पत्रे, पंखा नाही, स्प्रे गन चालवणाऱ्याच्या तोंडाला रुमाल, आणि शेजारी एक पोरगा कोरड्या पॉलिश पेपरने जुना रंग घासतो आहे.

पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. हा शब्द तुम्ही ऐकलेला आहे. १९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट होता. हार्डनरमधला पदार्थ तोच नव्हे. तो जड असतो, डब्यातून वायूसारखा उडून वस्तीवर पसरत नाही. पण घराणे तेच आहे, आणि स्प्रे गनमधून त्याचे बारीक तुषार झाले की ते थेट छातीत जातात. त्यापासून दमा जडतो. या दम्याची खूण अशी की माणूस कामाच्या दिवशी रात्री खोकतो आणि सुट्टीत त्याला बरे वाटते. म्हणून तो डॉक्टरला धूळ सांगतो, विडी सांगतो, हवामान सांगतो, रंगाचे नाव काढत नाही. एकदा शरीराने हा पदार्थ शत्रू म्हणून ओळखला की मग शेजारच्या शेडमधला थोडासा वासही दम लावायला पुरतो. तो धंदा त्या माणसाला कायमचा बंद होतो. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असेही समजू नका. धोक्याच्या पातळीपर्यंत नाकाला तो कळतोच असे नाही. रुमालाने तो अडत नाही. कापडी मास्कनेही नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हवा खेचून बाहेर टाकणारा बूथ, हातमोजे आणि चष्मा लागतो, आणि गन बंद केल्यावरही तुषार निघून जाईपर्यंत मास्क काढायचा नसतो.

घासकामाचेही तसेच. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाचे क्रोमेट असू शकते. शेंदरी रेड लेड प्रायमर आपल्या पिढीने पाहिलेले आहे. घरगुती व सजावटी रंगांत शिसे ९० पीपीएमच्या वर नसावे असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. पण तो घरगुती व सजावटी रंगांपुरता आहे. गाड्यांचा आणि कारखान्यांचा रंग त्यात येत नाही. म्हणून कोरडे घासणे बंद, पाणी मारून घासणे. आणि घासायला पोरगा नको. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे, कुटुंबाच्या मदतीचा अपवाद सोडल्यास, सर्वत्र बंद झाले, आणि अठरा वर्षांखालच्यांना धोक्याच्या कामावर.

यावर तरुण मित्र म्हणतील, मग व्हिनाइलच बरे, त्यात स्प्रे नाही. मुद्दा बरोबर आहे. चिकटवणाऱ्या कामगाराला धोका कमी. गरम हवेच्या गनचा चटका आणि सुरी, एवढे मुख्य. पण पीव्हीसी ज्या व्हिनाइल क्लोराइड वायूपासून बनते त्याचाही इतिहास कामगारांच्या रक्ताने लिहिलेला आहे. १९७४ साली अमेरिकेत केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील कारखान्यात या वायूत काम करणाऱ्या कामगारांना यकृताचा एक दुर्मीळ कर्करोग झाल्याचे उघड झाले. त्यानंतर त्या देशात या वायूची मर्यादा कडक करण्यात आली. तयार फिल्ममुळे आपल्या ड्रायव्हरला तो रोग होणार नाही, हेही तितकेच खरे. पण सोललेली फिल्म कचऱ्यात जाते, कुणी तरी ती पेटवते आणि त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. तेव्हा एका वस्तूला स्वच्छ आणि दुसरीला घाणेरडी म्हणून आपली सुटका होत नाही. धोका कुठे आहे आणि तिथे कोण उभा आहे, हे पाहून अट घालावी लागते.

भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायदा १९४८ मध्ये दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या पदार्थांची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. तो हक्क आपल्या चळवळीला फार मोठी किंमत पडून मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली आहे. तीन-चार माणसांची रंगाची शेड जुन्या व्याख्येतही नव्हती, नव्या व्याख्येत तर ती आणखी दूर गेली. तिथे इन्स्पेक्टर येणार नाही. तिथे युनियनही नाही. तिथे अट घालू शकतो तो फक्त गिऱ्हाईक, आणि या वेळी ते गिऱ्हाईक म्हणजे आपण आहोत. कारखान्यात स्वतःसाठी बूथ आणि मास्क मागायचा, आणि आपल्या सोसायटीची गाडी चार पैसे वाचवायला रुमालवाल्याकडे पाठवायची, हे आपल्या तोंडी शोभणारे नाही.

आपल्या पेंट शॉपमधील सहकाऱ्यांनी आणखी एक शंका काढली आहे. व्हिनाइल आले की पेंटर गेला, म्हणून त्याला विरोध करा. या भीतीत तथ्य आहे. जिथे फिल्मचे काम येते तिथे ते बहुतेक कंत्राटदाराबरोबर येते. परंतु फिल्म चिकटवणारा पोरगाही मजूरच आहे, बहुधा रोजंदारीवरचा. आपल्या पेंटरला ते काम शिकवा, शॉपमध्ये ते काम द्या, ही मागणी धरता येईल. पेंटरचे काम वाचावे म्हणून त्याला बूथशिवाय स्प्रे करू द्या, असे मात्र मी कधीच म्हणणार नाही.

आता माझी सूचना सांगतो. सभेने तिच्यावर मोकळेपणाने चर्चा करावी.

एक, गाडीवर पूर्ण व्हिनाइल चढवू नये. पत्र्याला गंज आहे, फाळक्याचा रंग सुटतो आहे आणि गाडी आणखी पाच-सहा वर्षे ठेवायची आहे. दोन, गंज खरवडून, खराब पाळी कापून नवा पत्रा जोडून, मूळ पांढऱ्या रंगातच बाहेरून रंगकाम करावे. केबिनचा टप पक्का आहे, तिथे पॉलिश पुरते. तीन, हौद्याच्या आत रेड ऑक्साइड आणि ब्रशने एनॅमल. चार, सोसायटीचे नाव दारावर घालायचे ते आपल्या गावातील अक्षरे काढणाऱ्या पेंटरकडून घालावे. व्हिनाइलची अक्षरे लावायचीच असतील तर रंग पूर्ण वाळल्यावर, आणि पत्र्यावर ठेवून सुरीने न कापता आधी कापून आणलेली. सुरीची रेघ रंगात गेली की त्या रेघेने गंज चालतो.

पाच, आणि ही अट वर्क ऑर्डरमध्ये लेखी असावी. काम बूथ असलेल्या ठिकाणीच व्हावे, स्प्रे करणाऱ्याला हवा पुरवणारा मास्क असावा, घासकाम ओले असावे, अठरा वर्षांखालील कुणी नसावे आणि हार्डनरच्या डब्यावरील माहिती कामगाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितलेली असावी. काम चालू असताना कमिटीच्या दोन सभासदांनी न सांगता एकदा जाऊन पाहावे. अट पाळलेली नसेल तर शेवटचा हप्ता रोखावा.

यामुळे आपल्याला सर्वांत कमी रकमेचे कोटेशन सोडावे लागेल. फरक किती पडतो ते खजिनदारांनी काढून ठेवले आहे, ते सभेपुढे वाचतील. सभासदसंख्येने भागून पाहा आणि मग हात वर करा.

शेवटी पेंट शॉपमधील बंधूंना एक सांगणे. सुट्टीत बरे वाटते आणि कामावर खोकला येतो असे ज्यांना होत असेल त्यांनी तो अंगावर काढू नये. रेल्वे दवाखान्यात जाताना हार्डनरच्या लेबलाची नक्कल बरोबर न्या, किती वर्षे स्प्रे केला ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. कामातील पदार्थाने होणारा दमा १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत धंदेवाईक रोग म्हणून नोंदला गेला, पण लेखी नोंद नसेल तर दावा उभा राहत नाही. हे केसपेपर घेऊन शाखेत या. दर मंगळवारी संध्याकाळी सहानंतर मी कार्यालयात असतो.